दूध आणि घास यांचा मेळ
सहा महिने ते दीड वर्ष या वयातील बाळाच्या आहारातील समतोल

बाळ सहा महिन्यांचे झाले की घरात दोन परस्परविरोधी काळज्या एकाच वेळी सुरू होतात. वरचे अन्न सुरू केल्यावर बाळ दूध कमी पिऊ लागले, ही पहिली काळजी. बाळ दुधावरच राहते, घासाला तोंड फिरवते, ही दुसरी. घरातील वडीलधारी मंडळी एक सांगतात, शेजारी दुसरे सांगतात आणि आई मात्र घड्याळ, वाटी व बाटली यांच्यात अडकून पडते. वास्तविक या वयात दूध आणि अन्न हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. दोघांची कामे वेगळी आहेत आणि ती नीट समजून घेतली तर समतोल साधणे फारसे कठीण नाही.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध पुरेसे असते. पाण्याचीही गरज नसते. त्यानंतर मात्र बाळाची भूक आणि दुधातून मिळणारे पोषण यांत अंतर पडू लागते. हे अंतर सर्वांत आधी जाणवते ते लोहाच्या बाबतीत. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येते आणि तो साधारण सहा महिने पुरतो. मुदतीपूर्वी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांत तो त्याही आधी संपतो. आईच्या दुधातील लोह सहज शोषले जात असले, तरी त्याचे प्रमाण फारच अल्प असते. म्हणूनच सहा महिन्यांनंतर सुरू होणाऱ्या आहाराला 'पूरक आहार' म्हणतात. दुधाची जागा घेणे हे त्याचे काम नव्हे. दुधात जे उणे आहे ते भरून काढणे, हे त्याचे काम.

महाराष्ट्रात उष्टावणाचा संस्कार परंपरेने मुलाचा सम महिन्यात आणि मुलीचा विषम महिन्यात करण्याची रीत आहे. समारंभ सोयीने केव्हाही करावा. परंतु बाळाच्या पोटाला हा भेद ठाऊक नसतो. मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होताच पहिला घास मिळाला पाहिजे. मुहूर्तासाठी आठव्या महिन्यापर्यंत थांबणे म्हणजे वाढीचे दोन मोलाचे महिने वाया घालवणे होय.

प्रत्यक्षातील चित्र फारसे समाधानकारक नाही. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा ते आठ महिने वयाच्या बाळांपैकी ४५.९ टक्के बाळांनाच आईच्या दुधासोबत घन किंवा अर्धघन आहार मिळत होता. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. हा प्रश्न केवळ दारिद्र्याचा नाही. सुस्थितीतील घरांतही दिसायला बाळसेदार, परंतु फिकट आणि चिडचिडी मुले आढळतात. त्यांच्या आहाराची चौकशी केली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते: 'दूध मात्र भरपूर पितो.'

समतोलाचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेले उष्मांकांचे हिशोब या बाबतीत फार उद्बोधक आहेत. सरासरी प्रमाणात अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. याच काळात आईच्या दुधातून मिळणारे उष्मांक साधारण ४०० वरून ३५० च्या आसपास येतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर प्रारंभी एकूण गरजेचा दोन तृतीयांश वाटा दुधाचा असतो, नऊ महिन्यांनंतर तो निम्म्याहून थोडा अधिक उरतो आणि वर्षानंतर ४० टक्क्यांच्या घरात येतो.

या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. दूध फारसे घटत नाही, वाढते ते अन्न. त्यामुळे समतोल साधण्यासाठी अंगावरचे दूध घाईने तोडण्याची गरज नसते. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही, आई व बाळ यांची इच्छा असेपर्यंत, स्तनपान सुरू ठेवावे, अशीच शिफारस आहे. वरच्या दुधाचा नियम मात्र वेगळा आहे. बाटलीने पाजलेल्या दुधाला सहसा मर्यादा राहत नाही आणि तेथेच घासाची जागा दूध घेऊ लागते.

किती, केव्हा आणि कसे?

सहाव्या महिन्याच्या अखेरीस दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी २५० मिलिलिटरची वाटी अर्धी भरेल इतके अन्न बाळाने घ्यावे, अशी अपेक्षा असते. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी ते पाऊण वाटी आणि वर्षानंतर तितक्याच वेळा पाऊण ते पूर्ण वाटी, हे साधारण प्रमाण होय. शिवाय नऊ महिन्यांनंतर मधल्या वेळी एक-दोनदा फळ किंवा तत्सम काही द्यावे. हे आकडे केवळ दिशा दाखवणारे आहेत. कोणतेही बाळ रोज सारखे जेवत नाही. म्हणून एका दिवसापेक्षा संपूर्ण आठवड्याचा अंदाज घ्यावा.

बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम असते. म्हणजे आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर पाव लिटरच मावते. या इवल्याशा जागेत वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज किंवा फळांचा रस भरला तर पोट भरते, पण पोषण होत नाही. अन्न मऊ असावे, पण पातळ नसावे. चमचा किंचित कलता केला असता ते ओघळून पडू नये, ही साधी कसोटी ध्यानात ठेवावी. वरणाच्या पाण्याऐवजी खालची घोटलेली डाळ द्यावी. मऊ भातात किंवा खिमटीत चमचाभर साजूक तूप घातले तर सुमारे ४५ उष्मांक वाढतात आणि घासही सहज गिळला जातो.

दूध आणि अन्न यांच्या वेळांबाबत थोडे तारतम्य बाळगावे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत दूध झाल्यानंतर तासा-दीड तासाने घास द्यावा. अगदी भुकेले बाळ नव्या चवीला कंटाळून रडते, तर पोट भरलेले बाळ तोंडच उघडत नाही. नऊ महिन्यांनंतर जेवणाच्या वेळी आधी अन्न आणि नंतर, हवे असल्यास, दूध असा क्रम ठेवावा. रात्री-अपरात्री वरच्या दुधाच्या बाटल्या पिणारे बाळ सकाळी भुकेले नसते, हेही लक्षात घ्यावे.

आठव्या महिन्यातील दिवस साधारण असा आखता येईल. सकाळी उठल्यावर दूध, नंतर नाचणीची साखर न घातलेली दाट खीर. दुपारच्या झोपेआधी दूध, उठल्यावर मुगाच्या डाळीचा मऊ भात, त्यात कुस्करलेला दुधी किंवा पालक व तूप. संध्याकाळी दूध आणि मग कुस्करलेले केळे किंवा पपई. रात्री झोपताना दूध. अकराव्या महिन्यात याच चौकटीत संध्याकाळची खिचडी किंवा वरणात कुस्करलेली पोळी येते, बोटांनी उचलून खाण्याजोगे उकडलेल्या गाजराचे मऊ तुकडे येतात आणि दुधाची एखादी वेळ आपसूक गळते. वर्षाच्या सुमारास बाळाने घरातलेच, तिखट-मिठाआधी बाजूला काढलेले अन्न खावे.

ताटात काय असावे?

आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी व कडधान्ये, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, गडद रंगाच्या भाज्या व फळे, इतर भाज्या व फळे असे आठ गट मानले जातात. त्यांपैकी किमान पाच गट रोज पोटात जावेत. नाचणीत कॅल्शियम विपुल असते, म्हणून नाचणीचे सत्त्व चांगलेच. पण त्यावरच दिवस काढणे योग्य नव्हे. लोहासाठी मांसाहारी घरात अंडे, काटे काढलेले मासे, शिजवून बारीक केलेले मटण किंवा चिकन सहा महिन्यांनंतर देता येते. शाकाहारी घरात डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. 'क' जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधील लोह अधिक शोषले जाते. चहामुळे नेमके उलट घडते. म्हणून चहात बुडवलेले बिस्कीट हा बाळाचा खाऊ असूच शकत नाही.

'ॲनिमियामुक्त भारत' या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह व फॉलिक आम्लाचे औषध देण्याची तरतूद आहे. उत्तम आहारालाही या वयात अशा आधाराची गरज भासू शकते. त्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

पहिल्या वर्षात मीठ, साखर वा गूळ वेगळा घालू नये. मध तर वर्षापूर्वी मुळीच देऊ नये. त्यातील विशिष्ट जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो. शेंगदाण्याचे बारीक कूट अन्नात कालवून देण्यास मात्र हरकत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका गाजलेल्या संशोधनाने दाखवून दिले, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर दिल्यास त्याची ॲलर्जी कमी होते. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वरच्या दुधाची मर्यादा

अंगावरचे दूध नसल्यास पहिल्या वर्षात बाळाला पावडरचे दूध द्यावे आणि गायी-म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच सुरू करावे, असे बहुसंख्य बालरोगतज्ज्ञ सुचवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सहा ते अकरा महिन्यांच्या अशा बाळांना पावडरचे किंवा प्राण्याचे, यांपैकी कोणतेही दूध चालेल, असे म्हटले आहे. आपल्या बाळासाठी काय योग्य, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. गायीच्या दुधात लोह अत्यल्प असते, त्यातील कॅल्शियम व प्रथिने अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात आणि लहान बाळाच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होण्याचीही शक्यता असते. वर्षानंतरही दिवसाला ३०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसे होते. लिटरभर दूध पिणारे मूल जेवत नाही म्हणून त्याला आणखी दूध देणे, हे चक्र रक्तक्षयापर्यंत नेऊन पोहोचवते. ते मोडायचे तर बाटली हळूहळू बंद करून दूध पेल्याने द्यावे.

बाटल्या, पावडरचे दूध आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डबाबंद अन्न यांच्या जाहिरातींवर भारतात १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. बाजारातल्या तयार अन्नावाचून बाळाची वाढ अडत नाही, हे त्यामागचे साधे सत्य होय.

नोकरी करणाऱ्या आईसाठी

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील काही आठवडे प्रसूतीपूर्वीच गेले, तर कामावर परतण्याची वेळ आणि पूरक आहाराची सुरुवात जवळजवळ एकाच सुमारास येते. अशा वेळी सकाळी, कामावरून आल्यावर आणि रात्री अंगावर पाजावे. दिवसा पाळणाघरात किंवा आजीकडे काढून ठेवलेले दूध व अन्न द्यावे. काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानात चार तास आणि शीतकपाटात चार दिवसांपर्यंत टिकते. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात ते बाहेर न ठेवता थेट शीतकपाटातच ठेवावे. दूध वाटी-चमच्याने पाजावे; बाटलीपेक्षा वाटी स्वच्छ ठेवणे सोपे असते.

आग्रह नको, लक्ष हवे

भूक लागलेले बाळ चमच्याकडे झेपावते. पोट भरले की मान फिरवते, ओठ मिटते. ही भाषा ओळखणे, हा भरवण्याचा अर्धा भाग आहे. नाक दाबून, पाय धरून किंवा मोबाइल दाखवून कोंबलेला घास पोटात जातो खरा, पण बाळ आपल्याच भुकेची जाणीव विसरते. नवी चव एकदा थुंकली म्हणजे ती नावडती ठरत नाही. आठ-दहा वेळा थोडी-थोडी देऊन पाहावी. दहाव्या महिन्यापर्यंत दाणेदार अन्नाची सवय लागली नाही, तर पुढे चावण्याचा कंटाळा येतो, म्हणून सर्वच पदार्थ मिक्सरमधून काढू नयेत. आजारपणात बाळ घास नाकारते तेव्हा अंगावरचे दूध अधिक वेळा द्यावे आणि बरे झाल्यावर काही दिवस रोज एक जेवण वाढवावे.

समतोल साधला आहे की नाही, याचा निवाडा शेजारच्या बाळाशी तुलना करून होत नाही. माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीची रेषा वर जात असेल, बाळ खेळकर असेल, शू व्यवस्थित होत असेल, तर वाटीत उरलेल्या दोन घासांची चिंता करू नये. परंतु सलग दोन महिने वजन वाढले नाही, तळवे व डोळ्यांच्या आतील कडा फिकट दिसू लागल्या, प्रत्येक घासाला ठसका लागू लागला किंवा नऊ महिने उलटूनही बाळ अन्नाला स्पर्शही करू देत नसेल, तर विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. या वयातील लोहाची उणीव मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ती नंतर पूर्णपणे भरून निघेलच, याची खात्री देता येत नाही. घरात रोज शिजणारे वरण, भात, भाजी आणि थोडासा संयम, एवढ्यावर ती बहुतांशी टाळता येते.