प्रकाशाचा कक्षीय कोनीय संवेग

प्रकाशशलाकेच्या तरंगाग्राला असलेल्या पिळामुळे तिला लाभणारा कोनीय संवेग. ध्रुवणामुळे येणारा परिवलन कोनीय संवेग यापेक्षा वेगळा. हा परिवलन संवेग रिचर्ड बेथ यांनी १९३६ मध्ये प्रयोगाने मोजला होता [→ प्रकाशाचे ध्रुवण]. कक्षीय संवेगाची स्पष्ट मांडणी मात्र १९९२ मध्ये लेस ॲलन, हान वुर्डमन व सहकाऱ्यांनी नेदर्लंड्समधील लायडन येथे केली.

अशा शलाकेचे तरंगाग्र स्क्रूच्या आट्यासारखे अक्षाभोवती फिरत पुढे सरकते. अक्षावर कला (तरंगाची आवर्तनातील अवस्था) अनिश्चित असल्याने तेथील तीव्रता शून्य होते आणि पडद्यावर प्रकाशाचे कडे दिसते. अक्षाभोवतीच्या एका प्रदक्षिणेत कला जितके पूर्ण फेरे घेते, त्या संख्येला लघुकृत प्लांक स्थिरांकाने गुणल्यास प्रत्येक फोटॉनचा कक्षीय संवेग मिळतो. ध्रुवणजन्य संवेगाला दोनच मूल्ये असतात. फेऱ्यांच्या या संख्येला मात्र तत्त्वतः मर्यादा नाही, आणि तिचे बहुतेक महत्त्व यातच आहे. अशा शलाका सर्पिल कलापट्टी किंवा होलोग्राम वापरून घडवतात [→ होलोग्राफी].

प्रकाशीय चिमट्यात पकडलेले सूक्ष्मकण अशा शलाकेने फिरवता येतात [→ लेसर]. २००१ मध्ये अँटोन झायलिंगर यांच्या गटाने या संवेगात गुंतलेल्या फोटॉनजोड्या दाखवल्या [→ क्वांटम यामिकी]. संदेशवहनात वेगवेगळ्या पिळांच्या शलाका एकाच तरंगलांबीवर स्वतंत्र वाहिन्या ठरतात. मोकळ्या हवेत मात्र वातावरणीय खळबळीने त्या एकमेकींत मिसळतात. भारतात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशा पिळदार शलाकांवर, म्हणजे प्रकाशीय भोवऱ्यांवर, संशोधन झाले आहे.