पहारेकरी गेला, कुलूप राहिलं

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी बाबांचा फोन. "अरे, अँटिव्हायरसचं अपडेट अडकत होतं, म्हणून काढून परत टाकायला गेलो, तर नेटच बंद पडलं. मी काही बिघडवलं का रे?"

दुपारी जाऊन बघितलं. प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नाव नाही, आणि पेन ड्राइव्हवरून नवीन टाकायला जावं तर म्हणे, 'आधीची आवृत्ती आहे, ती काढा'! म्हटलं, बाबा, चूक तुमची नाही, इतिहासाची आहे.

तर मंडळी, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानतात. फ्लॉप्यांवर बसून तो जगभर फिरला. १९८७ पासून अँटिव्हायरसचा धंदा उभा राहू लागला. डॉसवर तो काढणं सोपं असायचं. ऑटोएक्झेक.बॅट मधली त्याची ओळ खोडायची, डिरेक्टरी उडवायची, विषय संपला.

विंडोज आल्यावर पहारेकरी खोल शिरला. प्रत्येक फाईल उघडताना आणि नेटवरून काही येताना तपासायचं, तर थेट कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवावे लागतात. त्यात २००१-०२ च्या सुमारास क्लेझ, बगबेअर असे वर्म आले. ते मशीनमध्ये शिरले की अँटिव्हायरसलाच बंद पाडायचे. मग अँटिव्हायरसनेही चंग बांधला, मला कोणी हलवू शकता कामा नये! पण त्याला व्हायरस आणि बाबा यांच्यातला फरक कसा कळणार?

शेवटी नॉर्टन, मॅकॅफी यांना आपलंच सॉफ्टवेअर उपटायला वेगळी टूल्स द्यावी लागली. २०१३ मध्ये तर खुद्द जॉन मॅकॅफीने (त्याने कंपनी केव्हाच सोडली होती) आपल्या नावाचा अँटिव्हायरस कसा काढायचा यावर एक अचाट विनोदी व्हिडिओ केला. आणि १९ जुलै २०२४ ला काय झालं ते आठवतंय ना? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स आडवी झाली. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची. पहारेकरी इतका आत बसलेला असला की त्याची चूकही तितकीच आत होते.

बाबांचंही तेच झालं होतं. प्रोग्रॅम गेला, पण नेटवर्कमधला त्याचा ड्रायव्हर मागे राहिला. मी लायसन्स की लिहून घेतली, माझ्या लॅपटॉपवर त्याच कंपनीच्या साइटवरून रिमूव्हल टूल आणि नवा इन्स्टॉलर उतरवला, सेफ मोडमध्ये टूल चालवलं आणि रीस्टार्ट केलं. हा रीस्टार्ट टाळायचा नाही बरं का. वापरात असलेला ड्रायव्हर चालू विंडोजला पुसता येत नाही, म्हणून ते काम पुढच्या बूटवर ढकललेलं असतं. रीस्टार्टनंतर नेट आलं. मग नवीन इन्स्टॉल, अपडेट, आणि आणखी एक रीस्टार्ट.

"म्हणजे मी नव्हतं बिघडवलं," बाबा म्हणाले. माझ्या मते दिवसभरातलं खरं रिपेअर हेच.

असो. चहा झाला होता.