फलंदाज आणि शिक्षक : अंशुमन गायकवाड

बडोद्याच्या दक्षिणेस असलेला मकरपुऱ्याचा राजवाडा आज हवाई दलाकडे आहे. राजवट गेली, परंतु तिच्या आश्रयाने या शहरी जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांच्याबरोबर क्रिकेटचा खेळही येथे रुजला. सांगलीचे विजय हजारे बडोद्याचे झाले. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी व गुल महंमद यांनी याच शहरात ५७७ धावांची भागी केली. त्याच परंपरेतील दत्ताजीराव गायकवाड १९५९ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार होते. अंशुमन हे त्यांचे चिरंजीव.

चाळीस कसोटी सामने, १९८५ धावा, सरासरी तीसच्या आसपास. हे आकडे काही डोळे दिपविणारे नाहीत. पण एप्रिल १९७६ मधील किंग्स्टनचा सामना आठवावा. आधीच्याच कसोटीत भारताने चौथ्या डावात ४०६ धावा काढून वेस्ट इंडीजला हरविले होते, आणि तो पराभव यजमानांच्या जिव्हारी लागला होता. होल्डिंग प्रभृतींनी छातीच्या व डोक्याच्या रोखाने चेंडूंचा मारा आरंभिला. शिरस्त्राणे तेव्हा नव्हती. गायकवाड सात तासांहून अधिक वेळ उभे राहिले, अंगावर घाव घेत राहिले, आणि ८१ धावांवर असता होल्डिंगचा चेंडू कानावर बसून जायबंदी झाले. त्या कानावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. भारताचा दुसरा डाव ९७ धावांत आटोपला. पाच जण खेळावयास उतरूच शकले नव्हते.

१९८३ साली जालंदर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटांत २०१ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील तोपर्यंतचे ते सर्वांत संथ द्विशतक होय. प्रेक्षकांनी जांभया दिल्या असल्यास त्यांना दोष देता येणार नाही! मात्र संघाच्या ३७४ धावांपैकी निम्म्याहून अधिक या एकट्याच्या होत्या.

असा हा गृहस्थ १९९७ साली राष्ट्रीय संघाचा शिक्षक झाला. फुटबॉलमध्ये शिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. स्पेनचे पेप गार्दिओला बार्सिलोनाच्या मधल्या फळीत खेळले आणि २००८ साली त्याच संघाचे शिक्षक झाले. कोणास खेळवावयाचे व कोणास बसवावयाचे, हे तेच ठरवीत. क्रिकेटची रीत निराळी. मैदानावर सत्ता कर्णधाराची, संघ निवडणार निवड समिती. शिक्षकाच्या वाट्यास येतो तो सराव, आणि पराभवानंतर द्यावयाचा जाब. स्वतः दिवसभर खेळपट्टी न सोडणाऱ्या माणसास दोरीबाहेर बसून दुसऱ्याचा बळी जाताना पाहणे किती जड गेले असेल!

१९९८ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका भारताने २-१ अशी जिंकली. पुढील वर्षी जानेवारीच्या अखेरीस चेन्नईस पाकिस्तानकडून अवघ्या बारा धावांनी हार पत्करावी लागली. आणि आठवड्यातच, ७ फेब्रुवारी १९९९ रोजी, दिल्लीस अनिल कुंबळे यांनी एका डावात दहाही गडी बाद केले. शिक्षक तोच, प्रतिस्पर्धी तोच. त्याच उन्हाळ्यातील विश्वचषकात मात्र संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही, आणि वर्षअखेरीपूर्वीच शिक्षकपद कपिलदेव यांच्याकडे गेले. २००० साली कपिलदेव यांनी ते सोडले, तेव्हा पुन्हा बडोद्याच्याच दारी निरोप आला. नैरोबीतील स्पर्धेत युवराजसिंग व झहीर खान हे नवे खेळाडू घेऊन गेलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, व तेथे न्यूझीलंडकडून हरला. त्यानंतर परदेशी शिक्षकांचे युग सुरू झाले.

अखेरच्या काळात त्यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले; उपचारार्थ ते लंडनलाही गेले. जुन्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे मदतीची हाक दिली, कपिलदेव यांनी आपले निवृत्तिवेतन देऊ केले, आणि मग क्रिकेट मंडळाने एक कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा २०२४ चा जुलै निम्मा सरत आला होता. हाक द्यावी लागली, हेच मनास लागते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस बडोद्यास त्यांचे निधन झाले. पंचाण्णव वर्षांचे दत्ताजीराव त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते.