घरचा सूर नसलेला संगीतकार

नॉर्वेचे संगीत म्हटले की एडवर्ड ग्रीग. फार्टेन वालेनचे नाव आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. १८८७ साली स्टावांगरला जन्मलेल्या या माणसाच्या बालपणातली काही वर्षे मादागास्करमध्ये गेली. वडील मिशनरी होते. पुढे विद्यापीठात तो आधी भाषा शिकायला गेला, पूर्णपणे संगीताकडे वळला तो नंतर. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मला हे वाचून तो एकदम आपल्यातला वाटला.

बर्लिनचे शिक्षण आटोपून तो वालेवोग या किनाऱ्यावरच्या गावी परतला. बाखचा भक्त, पण विचित्र भक्त! आपल्याकडे सगळे सूर फिरून षड्जावर येतात. वालेनने असा घरचा सूरच ठेवला नाही. एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची बाखची शिस्त मात्र सोडली नाही. व्हिएन्नात शोनबर्गही घरचा सूर सोडत होता, पण वालेनची वाट स्वतःची. पियानो ट्रिओला १९१७ ते १९२४ अशी वर्षे लागली. समीक्षकांनी टर उडवली. १९३५ साली सरकारी मानधन मिळाले आणि पुढे तो गावी राहून गुलाब वाढवू लागला.

१९४० चा व्हायोलिन कन्चेर्टो त्याने क्षयाने गेलेल्या एका तरुण नातलगाच्या आठवणीत लिहिला. शेवटी चर्चमधली जुनी प्रार्थना-धून येते. माझा धर्म वेगळा. पण तिथे मला कब्रस्तानातून परतणारी माणसे दिसली. पहिल्यांदा ऐकताना मी कंटाळून त्या धुनेआधीच बंद केले होते.