सुचलेली चाल विसरू नये म्हणून : मोबाईलवर घरच्या घरी असे करा रेकॉर्डिंग

रात्रीची लाईट आली की पिकाला पाणी द्यायला रानात जावं लागतं. तिथंच एखाद्या अभंगाला नवी चाल सुचते. गुणगुणत माणूस घरी येतो, झोपतो. सकाळी पेटीवर बसलं तर धृपद आठवतं, अंतरा मात्र गेलेला असतो. भजन, शाहिरी, लोकगीत करणाऱ्या अनेकांचा हा अनुभव. यावरचा उपाय खिशातल्या मोबाईलमध्येच आहे.

मोठ्या कलाकारांनीही हेच केलं

इंग्लंडच्या 'रोलिंग स्टोन्स' बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स उशाशी कॅसेट रेकॉर्डर ठेवून झोपत. १९६५ मध्ये गाजलेल्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याची धून आपण अर्धवट झोपेत वाजवून ठेवली, सकाळी कॅसेटवर थोडी धून आणि पुढे नुसतं घोरणं होतं, असं ते सांगतात.

अमेरिकेचे गायक ब्रुस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये घरातच चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट मशीनवर गाणी भरली. हेतू एवढाच, की बँडला ऐकवायची. पुढे स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी करून पाहिली, पण घरातली गोडी येईना. शेवटी घरचंच रेकॉर्डिंग 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आलं.

आधी पकडा, मग सजवा

चाल सुचताच फोनमधला रेकॉर्डर सुरू करावा. शब्द नसले तरी 'ला ला' करून गावं. टाळी वाजवून ठेका द्यावा. सूर हलला म्हणून लगेच पुसू नये. लक्षात ठेवायचं काम फोनने केलं की डोकं पुढच्या ओळीला मोकळं राहतं. चूक-बरोबर दुसऱ्या दिवशी ऐकून ठरवावं. रेकॉर्डरचं चिन्ह फोनच्या पहिल्याच पानावर ठेवावं. शोधण्यात वेळ गेला की चालही जाते.

आवाज स्वच्छ येण्यासाठी

- फोन एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच कॉल येत नाही.
- रिकाम्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला गोधड्या, घोंगडी लटकवा. पंखा बंद ठेवा.
- बहुतेक फोनचा माईक खाली, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो. ती बाजू तोंडापासून वीतभर, थोडी तिरकी धरा.
- पेटी गाणाऱ्याचा आवाज दाबते. फोन गायकाजवळ ठेवा. पखवाज, ढोलकी चार-पाच हात लांब ठेवा.

एकट्यानेच सगळं वाजवायचं असेल तर

'बँडलॅब' या मोबाईल ॲपमध्ये किंवा संगणकावरच्या मोफत 'ऑडॅसिटी'मध्ये एकावर एक ट्रॅक भरता येतात. आधी ठेका भरा. तो कानात ऐकत पेटी वाजवा, शेवटी गा. यासाठी वायरचाच इअरफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो. इअरफोन न लावता स्पीकरवर ऐकत गायलं, तर जुना ट्रॅक पुन्हा माईकमध्ये शिरतो.

जपून ठेवण्यासाठी

फाईलला नाव द्या : तारीख, गाण्याचे पहिले शब्द आणि सूर, म्हणजे काळी चार की पांढरी पाच. चांगलं रेकॉर्डिंग वेव्ह प्रकारात ठेवा. स्टिरिओमध्ये ते मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतं. साध्या प्रतीची एमपीथ्री फाईल साधारण एका एमबीत बसते. रोजच्या टिपणाला ती पुरते. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल तशीच जाते. एक प्रत मेमरी कार्डावर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये ठेवा. फोन पाण्यात पडला तरी चाल राहते.

तारखेसह ठेवलेलं रेकॉर्डिंग वाद झाल्यास पुरावा म्हणूनही उपयोगी पडू शकतं. आपण बांधलेल्या चालीवर कॉपीराईट मिळवायला भारतात नोंदणीची सक्ती नाही.

जुन्या चालीही भरून घ्या

मंडळातल्या जुन्या बुवांच्या कितीतरी चाली कुठेच लिहिलेल्या नसतात, त्यांच्या गळ्यातच असतात. एकादशीच्या भजनाआधी त्यांना विचारून, फोन समोर ठेवून एकेक चाल म्हणवून घ्यावी. कोणाकडून शिकली, तेही त्यांच्याच आवाजात भरावं. नव्या चाली बांधणाऱ्या पोरांना तीच शिदोरी होईल.