‘किती वॅटचा?’ : एका प्रश्नाचा इतिहास

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर भंडाऱ्याजवळच शहापूर हे गाव लागते. समजा, तेथील एका शिक्षकाने थोडे पैसे बाजूला टाकून घरी गाणे ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरवले. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, किती वॅटचा दाखवू?’ उत्तर ठाऊक नसल्यामुळे गिऱ्हाईक खिशाला परवडेल तो सर्वांत मोठा आकडा निवडते. पुष्कळदा पैसे चुकीच्या ठिकाणी जातात ते येथेच. हा प्रश्न पहिला का झाला, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

स्पीकर प्रथम घरात आला नाही, मैदानात आला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे एका कर्ण्याला जोडले आणि हजारोंच्या जमावाला आवाज ऐकवून दाखवला. आपल्याकडे मुंबईच्या मोटवानी कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीने १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांसाठी ध्वनिवर्धक पुरवले. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, तेव्हा झाडावर किंवा बांबूवर बांधलेला भोंगा आपण सर्वांनीच पाहिला आहे. तो याच कर्ण्याचा वंशज.

कर्ण्याचा गुण असा, की थोड्या विजेत तो मोठा आवाज देतो. लहानसा पडदा हलला तरी त्याचा जोर हवेला नीट पोचवण्याचे काम कर्णा करतो. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम काही वॅट देत, म्हणून कर्ण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण त्याची किंमत मोजावी लागते. आखूड कर्ण्यातून सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचे सूर नीट बाहेर पडत नाहीत. म्हणून भोंग्यावर भाषण स्पष्ट ऐकू येते, पण तबल्यासोबतच्या डग्ग्याचा घुमारा हरवतो.

ही उणीव दूर केली ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी. १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी कर्णा काढूनच टाकला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, वेटोळ्याभोवती चुंबक आणि शंकूच्या भोवती एक फळी, एवढीच ही रचना. पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. त्या स्पीकरच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता आणि त्याची ताकद होती सुमारे एक वॅट. आजही घरातले बहुतेक स्पीकर याच रचनेचे आहेत.

ही रचना वर्गात दाखवणे सोपे आहे. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर घ्या. त्याच्या दोन टोकांना टॉर्चचा सेल क्षणभर लावा. शंकू पुढे किंवा मागे उडी मारतो. सेल उलटा लावला की उडीची दिशा बदलते. मग तोच स्पीकर रेडिओला जोडून हातात धरा. आवाज पातळ, किरटा येईल. आता पुठ्ठ्याच्या मोठ्या तावाला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यामागे स्पीकर घट्ट धरा. आवाज एकदम भरदार होतो. शंकू पुढच्या हवेला दाबतो तेव्हा मागची हवा विरळ होते. मध्ये आडोसा नसेल, तर खर्जाच्या लांब लहरी कडेवरून वळून एकमेकींना पुसून टाकतात. पेटी ही शोभेची वस्तू नसून स्पीकरचा अर्धा भाग आहे, हे विद्यार्थ्यांना यावरून पटते.

शंकू कागदाचाच का, असेही मुले विचारतील. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा पितळेची थाळी सहज मिळेल. तिच्यावर टिचकी मारा, ती कितीतरी वेळ वाजत राहते. कागदाच्या शंकूवर टिचकी मारा, ‘टप्’ असा आवाज होऊन थांबतो. स्पीकरने दुसऱ्याचा आवाज सांगायचा असतो, स्वतःचा नव्हे. हलका, ताठ आणि लगेच शांत होणारा पदार्थ म्हणून कागद इतकी वर्षे टिकून राहिला.

आता अ‍ॅम्प्लिफायरकडे वळू. त्याचा मूळ दोष होता विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेले सूर स्वतःहून मिसळणे. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. वाटेत सुचलेला उपाय त्यांनी हातातल्या वृत्तपत्रावरच लिहून काढला. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःची चूक स्वतःच कमी करतो. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि काही वर्षांत काचेच्या, तापणाऱ्या नळ्या मागे पडल्या. आज तळहातावर मावणाऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. थोडक्यात, अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न बराचसा सुटला. हवा हलवणारा स्पीकर मात्र अजून विजेचा साधारण एक टक्काच आवाजात बदलतो आणि उरलेल्या विजेची उष्णता होते.

मग वॅटच्या आकड्याला इतके महत्त्व कोठून आले? १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद, लहान पेटीचा स्पीकर बाजारात आणला. पेटीतली कोंडलेली हवाच त्यात स्प्रिंगचे काम करी. लहान खोलीतही खर्ज ऐकू येऊ लागला, पण हे फुकट नव्हते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. नवे स्पीकर वॅट खाऊ लागले, ट्रान्झिस्टरने ते वॅट स्वस्तात पुरवले आणि जाहिरातीला एक सोपा आकडा मिळाला. आकडे इतके फुगले, की १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला वॅट कसे मोजावे याचा नियम करावा लागला. आपल्याकडे १९९० च्या दशकात टू-इन-वनवर झळकणारे ‘पीएमपीओ’चे शेकडो वॅट अनेकांना आठवतील. तो आकडा क्षणभराच्या शिखराचा, आणि मोजण्याची सर्वमान्य रीत नसलेला. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा मात्र सतत मिळणाऱ्या ताकदीचा असतो.

खरे गणित असे आहे. वॅट दुप्पट केले, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबेल, म्हणजे कानाला जाणवेल न जाणवेल इतका. कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमता दिलेली असते. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज होतो, ते ती सांगते. ८६ ऐवजी ९२ डेसिबेलचा स्पीकर घेतला, तर २० वॅटमध्ये ८० वॅटचे काम होते. ९० डेसिबेल म्हणजे बराच मोठा आवाज आणि तोही एकाच वॅटमध्ये. घरात गाणे ऐकताना सरासरी एक वॅटही बहुधा खर्च होत नाही. बाकीचे वॅट लागतात ते तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक चढांपुरते.

राहिला प्रश्न दोन स्पीकरचा. इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लुमलिन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या १९५८ पासून. त्यामुळे बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकपदरीच आहेत. दोन स्पीकरवरून तोच आवाज दोनदा येतो, इतकेच. ज्यांचा जीव जुन्या नाट्यसंगीतात आहे, त्यांनी दोन सुमार स्पीकरऐवजी एकच उत्तम घेतला तर काहीच हरवत नाही.

तेव्हा शहापूरच्या आपल्या शिक्षकांनी निम्म्याहून बरेच अधिक पैसे स्पीकरसाठी राखावेत. ठोकल्यावर पोकळ न वाजणारी जड पेटी, ९० डेसिबेलच्या आसपासची संवेदनक्षमता आणि स्पीकरवर लिहिलेले ओहम अ‍ॅम्प्लिफायरला चालतात की नाही, एवढे पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर आरएमएस वीस वॅटचा पुरे. मिळाल्यास जुनी चांगली पेटीही चालेल, फक्त शंकूची कड फाटलेली नसावी. नेहमी ऐकण्यातले एक गाणे सोबत न्यावे आणि ‘किती वॅटचा?’ या प्रश्नावर म्हणावे, ‘ते नंतर पाहू. आधी डग्गा ऐकवा.’