धोनी मुंबईला का मिळाला नाही? १५ टक्क्यांचा हिशेब



अमेरिकेतल्या घरांत ऑगस्ट आला की मुलांच्या फँटसी फुटबॉल लीग सुरू होतात, आमच्याकडे आखातात मार्चमध्ये आयपीएलच्या. मुलांचा प्रश्न दोन्हीकडे तोच: गेल्या वर्षीचे कोण ठेवायचे, कोण सोडायचे? मी पेशाने सीए, त्यामुळे मला हा प्रश्न हिशेबाचाच वाटतो. आणि त्याचा उत्तम धडा आपल्या मुंबईतच घडलाय.

२० फेब्रुवारी २००८. मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक संघाकडे ५० लाख डॉलर. सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग आणि युवराज हे ‘आयकॉन’, म्हणजे लिलावाबाहेर, आपापल्या शहराच्या संघात आधीच पक्के. पण अट अशी, की आयकॉनला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे.

आता धोनीची बोली बघा. तो चेन्नईला १५ लाख डॉलरला गेला. तोच मुंबईने त्या भावात घेतला असता, तर सचिनचे आपोआप १७.२५ लाख झाले असते. दोघांतच ३२.२५ लाख संपले, उरलेल्या अख्ख्या संघाला १७.७५! चेन्नईकडे आयकॉन नव्हता, म्हणून त्यांना धोनी १५ लाखांतच पडला. खेळाडू तोच, बोली तीच, पण दोन संघांचा खर्च वेगळा. मुंबईने पुढे जयसूर्याला ९.७५ लाखांना घेतलं आणि सचिनला ११.२१ लाख मिळाले. हैदराबादच्या लक्ष्मणने तर आयकॉनपदच सोडलं, संघाकडे पैसे उरावेत म्हणून.

म्हणजे किंमत खेळाडूच्या नावाची नसते, नियमाची असते. अमेरिकेतली ‘सुपरफ्लेक्स’ लीग हेच सांगते. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू. साध्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच लागतो. सुपरफ्लेक्समध्ये जास्तीच्या एका जागेवर दुसराही चालतो. १२ जणांच्या लीगमध्ये मागणी १२ वरून २४ वर जाते, पण एनएफएलचे संघ ३२च, म्हणजे नियमित खेळणारे क्वार्टरबॅकही साधारण तेवढेच. म्हणून तिथे मधल्या दर्जाचा क्वार्टरबॅकसुद्धा ठेवण्यासारखा.

‘ठेवणं’ फुकट नसतं, हे २०२५ च्या आयपीएलने दाखवलं. प्रत्येकाकडे १२० कोटी. मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक ठेवले: ७५ कोटी गेले, ४५ उरले. पंजाबने फक्त शशांक आणि प्रभसिमरन ठेवले: खर्च ९.५ कोटी, हातात ११०.५. त्यातून २६.७५ कोटींना त्यांनी आपल्या मुंबईच्याच श्रेयस अय्यरला कप्तान म्हणून आणलं. फायनलच्या उंबरठ्यावर पंजाबने मुंबईला हरवलं, श्रेयस नाबाद ८७. कप मात्र बंगळुरूने नेला, कोहली, पाटीदार आणि यश दयाल अशा तिघांना ३७ कोटींत ठेवून. एका वर्षावरून सिद्धांत काढू नये, पण ठेवण्याचा खरा खर्च म्हणजे त्या पैशांत जे घेता आलं नाही ते, एवढं नक्की.

मुलांसाठी कृती सोपी आहे. कागदावर तीन रकाने करा: खेळाडू, ठेवायची किंमत, आज बाजारात पडेल ती किंमत. बऱ्याच लीगमध्ये गेल्या वर्षी दहाव्या फेरीत घेतलेला खेळाडू ठेवायला दहावीच फेरी खर्ची पडते. तोच आज तिसऱ्या फेरीत जाणार असेल, तर डोळे मिटून ठेवा. पहिल्या फेरीतला लाडका पहिल्याच फेरीच्या भावात ठेवण्यात कमाई शून्य.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत: पैसे लावून नाही. ओमानमध्ये जुगार हा गुन्हा आहे आणि आपण इथे व्हिसावर राहतो. भारतानेही २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. पैजेला घरची भांडी घासणं ठेवा. हिशेब तेवढ्यावरही पक्का होतो.